मागणे लाजिरवाणे काय?

उपासनेनंतर एखाद्या अनाथाश्रमासाठी वर्गणीचे पुस्तक फिरू लागले की आपल्यांपैकी कित्येक जण घाईने चपला शोधू लागतात. “ही मिशनची कामे, त्यांसाठी आपण का मागत फिरावे?” असेही कोणी म्हणतो. हा प्रश्न टाळण्याजोगा नाही.

पौलाने करिंथकरांकडून स्वतःच्या पोटासाठी काही घेतले नाही. परंतु यरुशलेमेतील गरजू पवित्र जनांसाठी त्याने त्यांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे दोन अध्याय, ८ वा व ९ वा, खर्ची घातले. दुसऱ्यासाठी हात पसरण्यास तो लाजला नाही. शिवाय रकमेविषयी कोणी दोष लावू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेला बंधू त्याने तीताबरोबर पाठविला.

पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत ठिकठिकाणी व्याख्याने दिली. १८८७ साली बोस्टन येथे स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षे मदतीचे वचन दिले, तेव्हा १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडता आले. विधवांचे दुःख कोणी तरी बोलून दाखविले, म्हणून त्यांना छप्पर मिळाले.

तेव्हा ताटात नाणे टाकून आपले कर्तव्य संपत नाही. संस्थेचे काम जाऊन पाहावे, चार जणांस सांगावे, हिशेब विचारावा आणि कबूल केलेली वर्गणी दरमहा पोहोचवावी. आपली दया आठवड्यात ओसरते. आश्रमातील मुलांना भूक रोज लागते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, येत्या रविवारी मुलांना नुसते पैसे आणावयास सांगू नका; ते कोणासाठी, हेही सांगा.