मुसाफिर कोण?

आमचा पुतण्या अमेरिकेत आयोवा राज्यात असतो. मागच्या उन्हाळ्यात त्याने भाड्याचे घर सोडले आणि बायको-मुलांसह चाकांवरच्या घरात राहायला गेला. गाडीतच ओटा, खाटा, संडास. दोन्ही बाजूंना मक्याची शेते. एखादे तळे दिसले की मुक्काम. पाण्याची नळी आणि विजेची तार जोडली की संसार सुरू. सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे इशाची वाट पाहता पाहता मुले पेंगतात. फोनवर त्याने विचारले, "चाचा, आम्ही नमाज कसर करायची की पूर्ण पढायची?"

आम्ही कॅम्प ४ मध्ये पंख्याखाली बसून "कसर" असे सांगून मोकळे झालो. प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. मुसाफिर चार रकातींच्या जागी दोन पढतो, कारण त्याचे घर मागे राहिलेले असते. ज्याचे घरच बरोबर चालते, तो मुसाफिर कसा? फिकहच्या जुन्या ग्रंथांत हा प्रश्न नावाड्याच्या निमित्ताने आला आहे. ज्याची बायको-मुले नावेतच राहतात आणि किनाऱ्यावर ज्याचे घर नाही, त्याने पूर्ण नमाज पढावी, असे इमाम अहमद यांचे मत. इमाम शाफई आणि इतरांनी त्यालाही मुसाफिरच मानले. मुक्कामाचा हिशेब तर सगळा निय्यतीवर. हनफींकडे पंधरा दिवस, आम्हा कोकणी शाफईंकडे चार दिवस राहण्याची निय्यत केली की माणूस मुकीम झाला.

आमची वस्ती तरी कुठे कायमची म्हणून वसली? दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेला हा तळ. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना याच बराकींत आसरा मिळाला. १९४९ मध्ये त्याचे उल्हासनगर झाले. परत जाऊ या आशेने किती जण पेटी न उघडता बसले असतील! पाऊणशे वर्षे उलटली, तरी रिक्षावाल्याला आपण 'कॅम्प चार'च म्हणतो.

इकडे अंबरनाथ-बदलापूरच्या पुढे वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे येतात. कच्च्या विटा रचून वर पेंढा टाकला की खोप तयार. मालकाकडून घेतलेली उचल पावसाआधी फिटली तर फिटली, नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा. पुतण्याचे फिरते घर पाहून आम्ही माशाअल्लाह म्हटले; यांच्या खोपीसमोर कधी थांबलोही नाही. पुतण्या कंटाळला की माघारी फिरेल. भट्टीवरच्या माणसाच्या मुक्कामाची निय्यत दुसऱ्याच्या वहीत लिहिलेली असते.

कुराणाने जकातीच्या आठ हकदारांत मुसाफिरालाही धरले आहे. घरी तो सुखवस्तू असला तरी वाटेत अडला तर त्याचा हक्क आहेच. गेल्या रमजानमध्ये वस्तीतल्या मदतीच्या यादीसाठी आम्ही भट्टीवरच्या एका कुटुंबाचे नाव सुचवले. "ते इथले नाहीत," एक बुजुर्ग म्हणाले, "आणि मुसलमानही नाहीत." दुसरी गोष्ट मसल्याची. बहुतेक फकीह जकात मुसलमानांपुरतीच मानतात. सदक्याला तशी अट नाही, तेव्हा तो वाद तिथेच मिटायला हवा होता. पण कॅम्प ४ मध्ये बसून 'इथले' हा शब्द कोणी कोणासाठी वापरावा? हे तेव्हाच विचारायला हवे होते. आम्ही गप्प बसलो. यादी तशीच राहिली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तांदूळ-डाळ घेऊन भट्टीवर गेलो. आभाळ भरून आले होते. खोपींवरचा पेंढा उतरवलेला, चुली विझलेल्या. राखणदार म्हणाला, "गेले सगळे. दिवाळीनंतर या."