चौथ्या माणसाची जागा

परक्या शहरात आलेल्या माणसाने त्या शहराकडे कसे पाहावे, हा प्रश्न वरवर पाहता नीतिशास्त्राचा वाटत नाही. फार तर तो रसिकतेचा वाटतो. मुंबईत नव्याने आलेला तरुण इराण्याकडे ब्रून-मस्का खातो, चौपाटीवर भेळ खातो, लोकलच्या तिन्ही मार्गांची स्थानके पाठ करतो, आता तर भुयारी मेट्रोने आरेपासून कफ परेडपर्यंत जाऊन येतो. यात पापपुण्याचा संबंध कुठे आला, असे कोणीही विचारील. माझ्या मते तो येतो, आणि आपण समजतो त्याहून लवकर येतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात जाणण्याच्या इच्छेचे दोन प्रकार वेगळे केले. एकाला त्यांनी सद्गुण मानले, दुसऱ्याला दोष. मराठीत त्यांना अनुक्रमे जिज्ञासा आणि कुतूहल म्हणता येईल. अर्थात आपल्या भाषेत कुतूहल हा शब्द इतका बदनाम नाही, हे मान्य करून. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हा विचार त्यांनी संयम या सद्गुणाच्या विवेचनात केला आहे, जिथे खाण्यापिण्याचाही विचार येतो. डोळ्यांची आणि मनाचीही एक भूक असते, आणि पोटाच्या भुकेप्रमाणे तिलाही वळण लावावे लागते, असा त्यामागचा आशय आहे. शहर हिंडणाऱ्याला हे विवेचन नेमके लागू पडते. कुतूहल विचारते, याची चव कशी आहे? जिज्ञासा विचारते, हे ताट माझ्यापुढे आले कसे?

खानावळीचेच उदाहरण घेऊ. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेला गडी एकटा येत असे, बायकामुले गावी. दहा-बारा जणांच्या खोलीत त्याला पथारीपुरती जागा मिळे, परंतु चुलीपुरती मिळत नसे. मग चाळीतलीच एखादी बाई त्याला महिन्याच्या बोलीवर जेवू घाली. पाळ्या बदलत तसे जेवणाऱ्यांचे पंगतीचे वेळापत्रक बदले. पहिल्या पाळीच्या गड्याचा डबा भरायचा म्हणजे तिला कोंबडा आरवण्याआधी उठणे आले. पैसे मिळायचे पगार झाल्यावर; तोवर वाण्याची उधारी तिच्या डोक्यावर. म्हणजे ज्या गिरणीकामगाराच्या घामावर मुंबई उभी राहिली असे आपण म्हणतो, त्या कामगाराला महिनाभर उधार पोसणारी ही बाई होती, आणि बहुधा तीही त्याच्यासारखीच बाहेरून आलेली होती. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि या खानावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळवून दिली, तेव्हा कुठे सावकार आणि वाणी यांच्यावाचून त्यांना दुसरा आधार दिसला. पुढे १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याचा इतिहास लिहिताना गिरण्या, मालक, पुढारी यांची नावे येतात. जेवणारे गावी परतल्यावर ज्यांच्या चुली थंड पडल्या त्या बायकांची आठवण फार थोड्यांना होते.

इराण्याच्या हॉटेलाबद्दलही असेच म्हणता येईल. इराणातील यझ्द आणि केरमान या भागांतून आलेल्या या झरतुष्ट्री मंडळींनी रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या, इतरांनी अशुभ मानलेल्या जागा घेतल्या असे सांगतात. जातीजातींच्या पंगती वेगळ्या होत्या त्या काळात एकाच संगमरवरी टेबलाशी कारकून, हमाल आणि टॅक्सीवाला बसू शकत, आणि एका कपावर तासभर बसलेल्याला सहसा कोणी उठवीत नसे. आज आपण तिथल्या आरशांची आणि खुर्च्यांची छायाचित्रे काढतो. काढावीत. परंतु परक्याने परक्याला बसू दिले, ही त्या जागेतली खरी अपूर्वाई आहे. आणि ज्या वडापावाला आपण अस्सल मुंबईचा म्हणून मिरवतो, त्यातले बटाटा आणि पाव हे दोन्ही शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेले! असो.

संगमनेरकडचा एक तरुण माझ्या परिचयाचा आहे. नोकरीनिमित्त अंधेरीला राहू लागल्यावर आठ महिन्यांत त्याने अर्धी मुंबई पालथी घातली. कुठली बिर्याणी चांगली, कुठल्या नाट्यगृहात मागच्या रांगेतूनही स्वच्छ ऐकू येते, दादरला कोणत्या पुलावरून उतरल्यास दोन मिनिटे वाचतात, हे सारे त्याला तोंडपाठ होते. मग तो तापाने तीन दिवस खोलीत पडून राहिला, तेव्हा पेजेची वाटी आणून देईल असे एकही माणूस त्याला आठवेना. हे त्याने मला हसत सांगितले, पण सांगताना तो खिडकीबाहेर पाहत होता. त्याला मी दोष देत नाही. आठ महिन्यांत त्याने कुणाचे काही घेतले नव्हते. प्रत्येक घासाचे पैसे रोख मोजले होते. अडचण नेमकी तिथेच आहे. जिथे सगळा हिशेब जागच्या जागी चुकता होतो, तिथे माणसे एकमेकांच्या ऋणात राहत नाहीत, आणि ऋणाशिवाय शेजार जुळत नाही.

लोकलमध्ये मात्र रोख हिशेबाची सोय नाही. दुसऱ्या वर्गाचे बाक तिघांसाठी असते. चौथा माणूस येतो, काहीही न बोलता हाताने खूण करतो, आणि तिघे सरकतात. चौथ्याला अर्धेच बूड टेकता येते. एक पाय वाटेत राहतो. कुठल्याही नियमपुस्तकात हा नियम नाही, तरी तो मोडणाऱ्याकडे सारा डबा रागाने पाहतो. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७९५ साली शाश्वत शांततेवरील आपल्या निबंधात परक्याचा हक्क सांगितला आहे. पृथ्वी गोल आहे, माणसे तिच्यावर अनंत अंतरापर्यंत पांगू शकत नाहीत, म्हणून त्यांना एकमेकांचे सान्निध्य सोसावेच लागते, असा त्यांचा युक्तिवाद. मूळ हक्क कुणालाही एका जागेवर इतरांपेक्षा अधिक नाही. कांट यांना लोकलचा डबा दाखवायला हवा होता. तिथे यजमान कोणीच नसतो. जो बसला आहे तो मालक नव्हे, तो फक्त एक-दोन स्थानके आधी चढलेला आहे.

तथापि दारातले चित्र वेगळे असते. फलाटावरचा माणूस काकुळतीने ओरडतो, “आत व्हा, आत जागा आहे!” तोच आत शिरला आणि पुढचे स्थानक आले की त्याच तोंडाने सांगतो, “जागा नाही, मागची गाडी घ्या!” विरार गाडीत बोरिवलीला उतरणाऱ्यांना चढू न देणारे टोळके सर्वांना ठाऊक आहे. त्यांची बाजूही ऐकली पाहिजे. ज्याला तासाहून अधिक उभे राहायचे आहे, त्याला जवळच्या प्रवाशाने दुसरी गाडी घ्यावी असे वाटणे अगदीच गैर नाही. शिवाय डब्याला मर्यादा असते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ भरलेल्या गाड्यांतून माणसे रुळांवर पडून मृत्युमुखी पडली. दारात लोंबकळणाऱ्याला “जरा सरका” हा उपदेश क्रूर वाटेल. प्रवाशांच्या सौजन्यावर भिस्त ठेवून गाड्या वाढवण्याचे कर्तव्य टाळणारे शासन हे सौजन्याचा गैरफायदा घेत असते, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे.

आपल्या समाजापुरते बोलायचे तर नवख्याला जागा देण्याची एक जुनी व्यवस्था धोबीतलाव परिसरात अजून पाहता येते. गोव्यातील गावांचे ‘कूड’ एकोणिसाव्या शतकापासून तिथे आहेत. गावचा माणूस बोटीवरची नोकरी मिळेपर्यंत नाममात्र भाड्यात राही; भिंतीलगत पेट्या, रात्री जमिनीवर अंथरूण, समोर गावच्या आश्रयदात्या संताची वेदी, आणि संध्याकाळची जपमाळ सक्तीची. याच नवख्या गोवेकरांच्या मुंबईत १७ एप्रिल १८९२ रोजी ‘इटालियन भुरगो’ हे पहिले कोकणी तियात्र रंगमंचावर आले. म्हणजे गोव्याचा हा नाट्यप्रकार जन्मला परक्या शहरात, घराची ओढ असलेल्या माणसांमध्ये. कुडांचे मला कौतुक आहे. परंतु त्यांचे दार आपल्या गावच्या माणसालाच उघडे होते, स्त्रियांना तिथे जागा नव्हती, आणि काही ठिकाणी जातीचाही विचार होई. जवळच्यावर अधिक प्रीती करणे संत थॉमस यांनीही स्वाभाविक मानले आहे. मात्र प्रीती जवळच्यापासून सुरू होते म्हणून ती तिथेच संपावी, असे त्यांनी म्हटलेले नाही.

उलट बाजूला आहेत ज्यांच्यावर शहर येऊन पडले ते लोक. वांद्रे, कुर्ला, मरोळ येथील गावठाणांतल्या जुन्या ख्रिस्ती रहिवाशांनी १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव अधिकृतपणे घेतले. ते घेण्याचे एक कारण असे, की गोव्याहून आणि मंगळूरहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती मंडळींपासून आपली वेगळी ओळख राहावी. नवखे आले तेव्हाच मूळच्यांना आपण मूळचे आहोत हे कळले! त्यांची भातशेते उपनगरांखाली गेली, आणि त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे. नवख्याने जिथे बिऱ्हाड थाटले तिथे पूर्वी कुणाचे खळे होते, हे त्याने विचारावे एवढी अपेक्षा फार नव्हे.

वसईत आपण आज त्याच जागी उभे आहोत. १९८० च्या दशकाअखेरीस हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी (त्यांचे निधन २०२४ मध्ये झाले) पाण्याचा आणि झाडांचा जो प्रश्न मांडला तो न्याय्य होता. परंतु विहिरी आणि वाड्या राखण्याचा आग्रह वेगळा, आणि नालासोपाऱ्याच्या चाळीत राहणाऱ्या माणसाला ‘बाहेरचे’ म्हणून हिणवणे वेगळे. या दोहोंतली सीमारेषा आपल्या बैठकांतून हल्ली पुसट होत चालली आहे. खोली भाड्याने मागणाऱ्याला आपणही आधी आडनाव विचारतो. १८६७ साली विरारहून मुंबईपर्यंत नित्याची गाडी धावू लागली. त्यानंतर आपले वाडवळ आणि सामवेदी आजोबा-पणजोबा भाजी, फुले आणि सुकेळी घेऊन शहरात जात राहिले. शहराने त्यांचा माल घेतला, मुलांना नोकऱ्या दिल्या. तेव्हा त्या डब्यात बाहेरचे कोण होते?

वसई स्थानकाबाहेर आता संध्याकाळी लिट्टी-चोखा मिळतो. आपल्या गावातली तरुण मंडळी मुद्दाम चव घ्यायला जातात आणि चटणीची तारीफ करतात. तो भाजणारा कुठल्या जिल्ह्यातून आला, दिवसभराची लिट्टी संपल्यावर रात्री कुठे झोपतो, हे त्याला कोणी विचारल्याचे अजून माझ्या कानावर आलेले नाही.