न उघडलेलं दुकान

बँकेच्या बंद शटरवर एक कागद चिकटवलेला असतो. ही शाखा अमुक शाखेत विलीन झाली आहे, ग्राहकांनी नोंद घ्यावी. खातं तेच, शिल्लक तीच. निम्मं काम तर आता फोनवरच होतं. मग बिघडलं काय?

ज्याचं दुकान चालू आहे, त्याचं फारसं नाही. भरणा करायला थोडं लांब जावं लागतं, एवढंच. बिघडतं ते अजून न उघडलेल्या दुकानाचं.

नवा धंदा टाकणाऱ्याकडे ताळेबंद नसतो. पुष्कळदा सिबिल स्कोअरही नसतो, कारण त्याने कधी कर्जच काढलेलं नसतं. असतो तो दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं राबून तयार झालेला हात. वडिलांनी कुणाचे पैसे बुडवले नाहीत, हे पेठेतलं नाव असतं. हे अर्जाच्या कुठल्या रकान्यात भरायचं? शाखेत ते मॅनेजरसाहेबांच्या कानावर असायचं. (वशिल्याची कर्जंही त्याच टेबलावरून जायची, हेही खरं.) संगणक झालेलं पाहतो. माणूस कधीकधी होऊ घातलेलंही पाहतो.

अमेरिकेत विलीनीकरणानंतर बंद झालेल्या शाखांचा होआई-लू न्गुयेन यांनी अभ्यास केला. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्या भागांत पुढे दुसऱ्या बँका आल्या, तरी छोट्या व्यवसायांची कर्जं कितीतरी वर्षं रोडावलेलीच राहिली. घरकर्जं मात्र लवकर सावरली. घराला कागद पुरतात. धंद्याला ओळख लागते, आणि ओळख नव्या शाखेबरोबर येत नाही.

आपल्याकडे १९७७ ते १९९० या काळात एक नियम होता. बँक असलेल्या ठिकाणी एक नवी शाखा हवी, तर बँक नसलेल्या ठिकाणी चार उघडायच्या. पुढे १ एप्रिल २०२० ला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. एकाच रस्त्यावर दोन पाट्या कशाला, हा हिशेब चुकीचा नाही. फक्त त्यात न उघडलेलं दुकान धरलेलं नसतं.

तो होतकरू मुलगा मग पतसंस्थेकडे वळतो. तिथला पिग्मी एजंट त्याला ओळखतो. व्याज मात्र जास्त पडतं. नाहीतर भिशी, नाहीतर आईचे दागिने.

यंदा तुमच्या पेठेत कोणी नवं दुकान टाकलं असेल, तर पहिलं भांडवल कुठून उभं केलं, ते त्याला सहज विचारून पाहा.