एक रात्र उशाशी

रागाचं पत्र लिहावं, पण एक रात्र उशाशी ठेवून मगच पेटीत टाकावं, असं आमचे वडील सांगत. त्यांची स्वतःची अशी बरीच पत्रं सकाळी बंबात गेली. वडिलांची ही एकच शिकवण मी पाळली, आणि नेमकी तीच अंगाशी आली.

आमच्या ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये एक नोकर आहे. त्याला 'सर्व्हिस' म्हणतात. मशीन सुरू झालं की हा आपोआप कामावर हजर. पासवर्ड घालून खुर्चीत कुणी बसलंय की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. रात्री दहाला सर्व्हरवरचा डायरेक्टर हाक मारतो आणि हा बदललेल्या फायली मुकाट्यानं पोचत्या करतो. म्हणून तर 'घरी जाताना मशीन बंद करू नये' अशी पाटी आहे. प्रोग्रॅमचं नाव बॅक्युला. बॅकअप आणि ड्रॅक्युला यांचा संधी! चित्रगुप्त बरा, तो वही निदान मेल्यावर उघडतो.

तर आईच्या आजारपणाच्या खर्चावरून मी एका संध्याकाळी दादाला पत्र टाइप केलं. 'तू मुलगा कसला' इथपर्यंत गेलो. मग वडील आठवले. पत्र तसंच ठेवून घरी आलो. सकाळी वाचलं, लाज वाटली, पुसून टाकलं. रिसायकल बिनसुद्धा रिकामी केली.

आठवड्याभरानं माझ्याच हातून अख्खा फोल्डर उडाला. बॅकअप सांभाळणाऱ्या मुलानं पाच मिनिटांत परत आणून दिला. देवमाणूस! पण आत पहिलीच फाइल, 'दादास'. अमुक फाइल मधल्या काळात पुसली गेली, हे ध्यानात ठेवायची त्या नोकराला वेगळी आज्ञा द्यावी लागते. ती आमच्याकडे कुणी दिली नव्हती.

म्हणजे पहा, रागारागानं लिहून तिथल्या तिथे पुसलं असतं तर दहाच्या आत सगळं साफ. रात्रभर विवेक केला म्हणून दप्तरी दाखल!

"एवढं एक तिकडून काढता येईल का रे?"

"एकच नाही काढता येत, काका. पुसायचा तर सगळा व्हॉल्यूम. सगळ्यांचंच काम जाईल."

"मुदत किती?"

"वर्ष. त्यानंतरही लगेच नाही जात. नव्या फायलींना जागा लागली की त्यावर लिहिलं जातं."

आता मला सांगा, हे पत्र मी लिहिलं की नाही? पाठवलं नाही, ठेवलं नाही, तरी आहे. 'माझ्याबद्दल मनात काही आहे का?' असं दादानं विचारलं तर 'नाही' म्हणणं खोटं ठरेल? आणि खरं सांगू? त्यातला हिशेब मला अजूनही बरोबर वाटतो. फक्त ते 'मुलगा कसला' सोडून.

दिवाळीत दादा आला. आल्याआल्या आईपाशी बसला, बशीत फुंकर घालून तिला चहा पाजला. मी बघत होतो.

"बोटांवर काय मोजतोयस रे?"

"काही नाही. अजून अकरा महिने."

"कशाला?"

मी चकल्यांचा डबा पुढे केला.