गृहस्थाश्रमातील अनन्यता

महानुभाव पंथात संन्यासाचे महत्त्व मोठे. म्हणून गृहस्थाश्रमाला येथे फारसे मोल नाही, असा कित्येकांचा समज असतो. परंतु आद्य मराठी कवयित्री महदंबा हिचे धवळे ही विवाहगीतेच होत. ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहाची लीळा चालली असता तिने श्रीकृष्ण-रुक्मिणीचा विवाह गाइला. विरक्त स्त्रीच्या मुखातून लग्नगीत प्रकटावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

त्या आख्यानाचे मर्म अनन्यता हे होय. रुक्मीने बहिणीसाठी शिशुपाल योजिला. रुक्मिणीने मात्र आपले चित्त आधीच श्रीकृष्णचरणी वाहिले होते आणि ब्राह्मणाहाती निरोप धाडून तो निर्धार कळविला. विधी मागाहून झाला, निष्ठा आधी होती.

तथापि येथे विवेक हवा. रुक्मिणीचा वर साक्षात परमेश्वरावतार होता. संसारातील पती हा जीव आहे. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न, हा शास्त्राचा सिद्धांत. तेव्हा पती हाच परमेश्वर, ही लोकांतील समजूत त्यात बसत नाही. पती-पत्नी दोघेही अविद्येने बद्ध, दोघेही उद्धारास पात्र. जो जोडीदाराकडे परमेश्वराची पूर्णता मागतो, त्याच्या पदरी निराशाच येते; जो त्याला आपल्यासारखाच बद्ध जीव जाणतो, त्याला क्षमा सुचते. संसारातील समाधान या क्षमेतून उपजते.

एकाने उपदेश घेतला, दुसऱ्याने घेतला नाही, अशीही घरे असतात. उपदेशी माणसाने नामस्मरण करावे आणि घरातल्या माणसाला तुच्छ लेखावे, हा धर्म नव्हे. पारध्यांनी पिटाळलेला ससा श्रीचक्रधरस्वामींच्या जानूतळी शिरला, तेव्हा स्वामींनी शरणागताला अंतर दिले नाही. ही लीळा वाचून जो मांस वर्ज्य करतो, पण विश्वासाने घरी आलेल्या पत्नीला शब्दांनी घायाळ करतो, त्याची अहिंसा उंबरठ्याबाहेरच राहिली. पत्नीच्या वाणीलाही हाच नियम लागू आहे.

तात्पर्य, अनन्यता परमेश्वराच्या ठायी असावी आणि जीवाशी दयेने, सत्याने वागावे. ज्याचे मन एका परमेश्वरावाचून अन्य देवतेकडे वळत नाही, त्याला एकनिष्ठेचा अभ्यास झालेला असतो. तोच अभ्यास लग्नात दिलेले वचन पाळताना उपयोगी पडतो. उपदेशी दांपत्याने आपली भक्ती किती दृढ झाली, हे देवपूजेच्या वेळी पाहावेच. परंतु सायंकाळी थकून घरी आल्यावर आपण एकमेकांशी कसे बोललो, यावरूनही ते पाहावे.

दंडवत प्रणाम.