फाऊलची घाई करू नकोस

सांगली

चि. भाचीस,


तालुक्याच्या शालेय सॉफ्टबॉल स्पर्धेत तुला पंच म्हणून उभं राहायचं आहे, हे तुझ्या आईकडून कळलं. फार आनंद झाला. बाकीचे नियम तू वाचून पक्के करशीलच. पण फेअर की फाऊल, यावर सातारा असो की सांगली, मैदानात हमखास वाद होतो. म्हणून तेवढ्यापुरतं सविस्तर लिहितो. बेसबॉलला दोन बेसमधलं अंतर 90 फूट आणि सॉफ्टबॉलला 60. फेअर-फाऊलचा नियम मात्र दोन्हींत जवळजवळ एकच.

आपली मुलं क्रिकेट आणि कबड्डीवर वाढलेली. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षकाच्या मागे चेंडू गेला तरी धावा मिळतात. इथे होम प्लेटपासून पहिल्या आणि तिसऱ्या बेसकडे जाणाऱ्या दोन रेषांमधला काटकोन म्हणजे फेअर जागा, बाकी सगळी फाऊल. रेषेचा हिशेबही वेगळा. क्रिकेटमध्ये बॅट क्रीजच्या रेषेवरच राहिली तर फलंदाज धावबाद होतो. इथे कबड्डीसारखं आहे: रेषा मैदानाच्या आतली, म्हणून ती फेअर. तिन्ही बेस फेअर. होम प्लेटसुद्धा फेअर. चेंडू प्लेटला लागला की फाऊल, असं पुष्कळजण समजतात, ते चूक. रेषेच्या टोकाचा खांबही फेअरच. ऑक्टोबर 1975 मध्ये अमेरिकेच्या बेसबॉल वर्ल्ड सिरीजमध्ये कार्लटन फिस्कचा फटका त्या खांबावर आदळला, तो होमरन ठरला आणि बाराव्या डावात सामना संपला.

आता मुख्य गोष्ट. चेंडू बेसच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे आधी पाहा.

अलीकडे असेल, तर पहिला टप्पा कुठे पडला याला किंमत नाही. तो थांबतो कुठे, किंवा खेळाडूचा हात त्याला प्रथम कुठे लागतो, ते पाहायचं. आत टप्पा पडून फिरत बाहेर गेला आणि तिथेच थांबला, तर फाऊल. बाहेर टप्पा पडून, कशालाही न लागता, आत येऊन थांबला, तर फेअर.

जमिनीवरून बेसच्या पलीकडे जाणारा चेंडू पहिल्या किंवा तिसऱ्या बेसजवळून जाताना आत होता की बाहेर, एवढंच पाहा. आतून गेला किंवा बेसला लागला, की तो फेअर. मग पुढे बाहेर पळाला तरी निर्णय बदलत नाही. हवेतून गेलेला चेंडू मात्र बेसच्या पलीकडे प्रथम जिथे पडेल, त्यावर ठरतो.

क्षेत्ररक्षकाच्या पायांकडे बघू नकोस. पाय बाहेर आणि ग्लोव्ह आत असेल, तर स्पर्शाच्या क्षणी चेंडू कुठे होता ते बघ. सॉफ्टबॉलमध्ये पहिल्या बेसच्या ठिकाणी जोडबेस असतो: पांढरा भाग आत, केशरी बाहेर. पांढऱ्याला लागला तर फेअर, नुसत्या केशरीला लागला तर फाऊल.

फाऊलचे परिणामही मुलांना सामन्याआधी सांगून टाक. दोन स्ट्राइक होईपर्यंत प्रत्येक फाऊल स्ट्राइक धरला जातो. दोन स्ट्राइक झाल्यावर पुढचा फाऊल मोजत नाहीत, पण बंट, म्हणजे बॅट न फिरवता चेंडूला नुसती लावून मारलेला फटका, फाऊल गेला तर बॅटर बाद. फाऊल चेंडू हवेत झेलला तर बॅटर बाद होतो, खेळ चालू राहतो आणि झेल झाल्यावर धावपटू बेसवरून निघू शकतात. झेल नसेल तर चेंडू मृत आणि सगळे आपापल्या बेसवर परत. बॅटला निसटता लागून थेट कॅचरच्या ग्लोव्हमध्ये टिकलेला चेंडू मात्र नुसता स्ट्राइक आणि जिवंत चेंडू.

हे सगळं पाठ असूनही पंच चुकतो, तो घाईमुळे. फाऊल असेल तर मोठ्याने ओरडायचं, फेअर असेल तर तोंड न उघडता आतल्या बाजूला हात दाखवायचा, ही पद्धत याचसाठी आहे. तुझ्या तोंडून ‘फाऊल’ निघालं की धावणारी पोरं थांबतात, चेंडू मरतो, आणि मागाहून तो फेअर होता असं कळलं तरी मोडलेला खेळ पुन्हा जोडता येत नाही. क्षणभर उशिरा फाऊल दिलास तर धावपटू फक्त चालत परत येतात. म्हणून चेंडू थांबेपर्यंत थांब. बाजूला उभी राहून अंदाज करू नकोस; रेषेवर जाऊन रेषेच्या सरळ नजरेने बघ. कोणता चेंडू प्लेटच्या पंचाने द्यायचा आणि कोणता बेसच्या, हे सोबतच्या पंचाशी आधीच बोलून घे.

मैदानाची तयारी दुसऱ्यावर सोडू नकोस. पावसाने फक्की धुऊन जाते, म्हणून सकाळी स्वतः सुतळी ताणून रेषा पुन्हा आखून घे. पहिला आणि तिसरा बेस पूर्णपणे रेषेच्या आत बसले पाहिजेत; आपल्याकडे ते बऱ्याचदा अर्धे बाहेर ठेवलेले दिसतात आणि निम्मे वाद तिथूनच निघतात. जोडबेसचा केशरी भाग तेवढा बाहेर. रेषेजवळच्या पिशव्या, बॅटी उचलायला लाव, कारण फाऊल जागेत असल्या वस्तूला लागलेला चेंडू फाऊल होतो. जमिनीतल्या खड्याने चेंडू वळला, तर तो मैदानाचाच भाग समज आणि चेंडू कुठे जातो ते बघ.

एवढी काळजी कशासाठी, ते एका गोष्टीवरून बघ. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये कुस्तीचं कांस्यपदक जिंकून आले. दोन कुस्त्यांमध्ये हक्काची विश्रांती न देता त्यांना पुन्हा आखाड्यात उतरवलं गेलं आणि नियमावर बोट ठेवायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता, अशी हकीकत सांगितली जाते. खेड्यातून आलेल्या मुलामुलींना नियम जाणणारं माणूस किती लागतं, हे यावरून समज. एखाद्या लहानशा गावची पोर वर्षभर राबून तुझ्या स्पर्धेच्या मैदानात उतरेल. तिचा फटका फेअर असेल तर तो तिला मिळालाच पाहिजे, आणि फाऊल असेल तर समोरच्या संघावर अन्याय होता कामा नये. कोणत्या शाळेचे शिक्षक किती मोठ्याने बोलतात, याचा त्याच्याशी संबंध नाही.

नियम वाच, रेषेवर उभी राहा, आणि चेंडूवरून नजर हलवू नकोस.

तुझा,
मामा