रुसलेला जावई आणि खेळाचा संघ

दिवाळसणाला रुसून बसणारा जावई आता फारसा दिसत नाही. परंतु ज्यांनी तो पाहिला आहे, त्यांना तो विसरता येणार नाही. ताटातल्या अनारशाला हात न लावता तो एवढेच म्हणे, ‘बरे तर, आम्ही निघतो.’ घरात धावपळ उडे. सासूबाईंचे डोळे भरून येत आणि सासरेबुवा हळूच अंगठीचा विषय काढीत. त्याच्या चार शब्दांना एवढे बळ कोठून येई? तो निघाला की लेकही निघणार, हे घराला ठाऊक असे. बळ लेकीवरच्या मायेचे होते. त्याने फक्त त्याची किंमत लावली.

खेळाच्या संघांचे मालक अमेरिकेत नेमके हेच करीत आले आहेत. नवे मैदान सरकारी पैशाने बांधून द्या, नाहीतर संघ दुसऱ्या गावी नेतो, असे ते नगराला बजावतात. १९५७ चा हंगाम संपल्यावर ब्रुकलिनचा बेसबॉल संघ लॉस एंजेलिसला गेला. बाल्टिमोरचा फुटबॉल संघ तर १९८४ च्या मार्चमध्ये एका रात्रीत मालमोटारींत सामान भरून इंडियानापोलिसला रवाना झाला. गंमत पुढेच आहे. जे बाल्टिमोर त्या रात्री हळहळले, त्यानेच १९९६ मध्ये नव्या मैदानाचे आमिष दाखवून क्लीव्हलँडचा संघ आपल्याकडे आणला. ‘जातो’ म्हणणाऱ्याला ‘या’ म्हणणारे दुसरे गाव लागतेच, आणि ते गाव आपणही असू शकतो.

आपल्याकडे असा प्रसंग २०१६ च्या उन्हाळ्यात आला. मराठवाडा तहानेने व्याकूळ होता. लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. आमच्या शहराला पाणी देणाऱ्या नाथसागरानेही तळ गाठला होता. अशा वेळी मुंबई, पुणे आणि नागपूर येथल्या आयपीएलच्या खेळपट्ट्यांवर सुमारे ६० लाख लिटर पाणी पडणार, म्हणून प्रकरण उच्च न्यायालयात गेले. सामने बाहेर गेले तर राज्याचे १०० कोटींचे नुकसान होईल, असे क्रिकेट मंडळाच्या सचिवांनी सांगितले. ती धमकी नव्हती, हिशेब होता असे म्हणू. पण सूर ओळखीचा होता. मुख्यमंत्री म्हणाले, सामने गेले तरी हरकत नाही. १३ एप्रिलला न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलविण्याचा आदेश दिला. पुण्याचा आणि मुंबईचा संघ विशाखापट्टणला खेळू लागला.

तेव्हा आम्हाला मोठा अभिमान वाटला. आज वाटतो तेवढा वाटत नाही. पुण्याच्या त्या संघाचा तो पहिलाच हंगाम होता. लेक म्हणावी इतकी माया अजून जडलीच नव्हती. मुंबईचा संघ परतणार हे सर्वांना ठाऊक होते. ज्याच्यावर जीव नाही त्याला ‘खुशाल जा’ म्हणणे हा काही फार मोठा त्याग नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या हारजितीवर घरातले जेवण अवलंबून राहिले, असा संघ असता तर? तर टँकरच्या रांगेतसुद्धा आम्हीच म्हणालो असतो, दोन-चार सामन्यांनी काय होते!

म्हणून मला दोष मायेत दिसत नाही, जाण्यातही नाही. गाव सोडण्याचा हक्क प्रत्येकालाच आहे. आमची निम्मी मुले पुण्यास गेली, त्यांना कोण दोषी म्हणेल? निजामाने १७६३ साली या शहरातून राजधानी हैदराबादेस नेली, पण त्याने जाण्यापूर्वी आमच्याकडे काही मागितल्याचे ऐकिवात नाही. खटकते ते मागणे. मालकाने संघ विकत घेतला असेल; पण त्या संघासाठी घसे बसवून घेणारी माणसे त्याने घडविलेली नसतात. जावयाने तरी लेकीला कुठे वाढविलेले असते?

२०१८ मध्ये कावेरीच्या वादामुळे चेन्नईच्या संघाला आपले घरचे सामने पुण्यात खेळावे लागले. मालकाचे काही मागणे त्यामागे नव्हते. तरी सुमारे हजार चाहते पिवळे सदरे घालून खास आगगाडीने चेन्नईहून पुण्याला आले. एवढा प्रवास करून ते परक्या मैदानात बसले आणि आपल्याच घरी असल्यासारखे शिट्ट्या वाजवू लागले. त्यांच्यापैकी कोणाला उद्या एखाद्या मालकाने ‘आम्ही निघतो’ म्हटले, तर तो बिचारा अंगठीचा विषय काढील की नाही?